छायाचित्रांची नावे आणि शिक्षकाचे दप्तर
(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्या महिन्यात शाळेत एकही छायाचित्र निघत नाही, असा महिना आता क्वचितच जातो. झेंडावंदन, प्रभातफेरी, वृक्षारोपण, पालकसभा, स्नेहसंमेलन असे प्रसंग शिक्षक कॅमेऱ्याने टिपतो आणि पुष्कळदा आपल्या घरच्या संगणकात साठवून ठेवतो. तीनचार वर्षांत या चित्रांची संख्या हजारांच्या घरात जाते. साठा वाढतो; व्यवस्था मात्र त्या मानाने वाढत नाही.

असा एक प्रसंग कल्पावा. पावसाळ्याचे दिवस आहेत. गावातील एक वृद्ध शेतकरी नुकताच निवर्तला आहे. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचा मुलगा शिक्षकाच्या दारी येतो आणि म्हणतो, "गुरुजी, आमच्या म्हाताऱ्याचा एखादा फोटू असंल का तुमच्याकडं? झेंडावंदनाला पुढंच उभा व्हता. घरात दुसरा न्हाई." ते चित्र काढल्याचे शिक्षकाला पक्के आठवते. परंतु संगणकात 'डीएससी_०००१', 'डीएससी_०००२' अशा नावांची तीन हजार चित्रे एकाच फोल्डरमध्ये पडलेली आहेत. मध्यरात्र उलटते, चित्र हाती लागत नाही. जे आहे ते सापडत नसेल, तर त्याचे असणे आणि नसणे सारखेच होय.

असे का व्हावे? कॅमेरा चित्राला जे नाव देतो ते केवळ अनुक्रमांक असते. त्यात चार अक्षरे आणि चार अंक असतात. ९९९९ पर्यंत मोजणी झाली की कॅमेरा पुन्हा ०००१ पासून आरंभ करतो. दोन कॅमेरेही एकच नाव देऊ शकतात. अशी एकाच नावाची दोन चित्रे एका फोल्डरमध्ये आली की संगणक विचारतो, जुन्याच्या जागी नवे ठेवावे काय? घाईत 'होय' म्हटले की जुने चित्र कायमचे जाते. मोबाइलने काढलेल्या चित्राच्या नावात बहुधा दिनांक व वेळ असते. पण प्रसंग कोणता, हे त्यातूनही कळत नाही. जनरल रजिस्टरात दोन मुलांना एकच क्रमांक देणे कोणत्याही मुख्याध्यापकास खपत नाही. तोच नियम चित्रांनाही लागू व्हावा.

चांगल्या नावाची तीन अंगे आहेत: दिनांक, प्रसंग आणि क्रमांक. उदाहरणार्थ, '२०२४-०८-१५_झेंडावंदन_०१४'. येथे वर्ष प्रथम, मग महिना, मग दिवस असा क्रम आहे, आणि तो हेतुपूर्वक आहे. शब्दकोशातील शब्दांप्रमाणे संगणक नावे डावीकडून एकेक चिन्ह पाहून लावतो. दिवस आधी लिहिला तर सर्व वर्षांच्या १५ तारखा एकत्र येतात. वर्ष आधी लिहिले तर काळाचा क्रम आपोआप साधतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातही हाच क्रम आहे. क्रमांकापूर्वी शून्ये लिहावीत, कारण अनेक ठिकाणी '१०' हे नाव '२' च्या आधी लागते. '००२' आणि '०१०' असे लिहिल्यास हा घोटाळा होत नाही. हजेरीपत्रकात लिहितात तशी तिरकी रेघ विंडोज ही प्रणाली नावात स्वीकारत नाही. म्हणून दिनांकात आडवी रेघच वापरावी.

आता एकेका चित्राला हाताने नाव देऊ लागल्यास ३२० चित्रांना, प्रत्येकी अर्धा मिनिट धरून, २ तास ४० मिनिटे लागतील. एवढा वेळ शिक्षकापाशी नसतो, आणि तो तसा खर्चण्याचे कारणही नाही. संपूर्ण गटाला एकदम नाव देता येते. त्याची रीत पुढीलप्रमाणे आहे.

प्रथम चित्रे कॅमेऱ्यातून संगणकात उतरवावीत आणि त्यांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. ही प्रत झाल्याशिवाय नामकरणास हात घालू नये. नंतर एका प्रसंगाची चित्रे एका फोल्डरमध्ये घ्यावीत आणि चित्र काढल्याच्या वेळेनुसार त्यांचा क्रम लावावा. विंडोजमध्ये पहिल्या चित्रावर एकदा टिचकी मारून 'कंट्रोल' व 'ए' या कळा एकत्र दाबल्या की सर्व चित्रे निवडली जातात. मग 'एफ २' ही कळ दाबून दिनांक व प्रसंग लिहावा आणि 'एंटर' दाबावे. सर्व चित्रांना तेच नाव मिळून पुढे कंसात १, २, ३ असे क्रमांक पडतात. चूक झाल्यास ताबडतोब 'कंट्रोल' व 'झेड' दाबावे. जुनी नावे परत येतात.

या रीतीत क्रमांकापूर्वी शून्ये येत नाहीत. ती हवी असल्यास इरफानव्ह्यू हा १९९६ पासून उपलब्ध असलेला, शैक्षणिक कामास विनामूल्य मिळणारा प्रोग्रॅम उपयोगी पडतो. त्याच्या सामूहिक नामकरणाच्या चौकटीत नावानंतर '###' असे चिन्ह लिहिले की तीन अंकी क्रमांक पडतो. नव्या माणसाने आधी पाचसहा चित्रांच्या प्रतींवर प्रयोग करून पाहावा. काम संपल्यावर चित्रांची संख्या पूर्वीइतकीच आहे ना, हे मोजून घ्यावे.

काही सावधगिरी अवश्य बाळगावी. नावाच्या शेवटी टिंबानंतर 'जेपीजी' अशी अक्षरे असतात. ते चित्राचे गोत्र होय. त्यास धक्का लावू नये. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असेल तर त्याने नोंदवलेला दिनांकही चुकीचा असतो; तो शाळेच्या नोंदींशी ताडून पाहावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चित्रातून काढल्या वेळेची नोंद सहसा निघून गेलेली असते आणि नावातील दिनांकही चित्र काढल्याचा असेलच असे नसते. म्हणून अशी चित्रे वेगळी ठेवावीत. मुलांची नावे फाइलच्या नावात घालू नयेत, कारण फाइल कोठे जाईल याचा भरवसा नसतो.

व्यक्तींची नोंद वहीत करावी. दिनांक, प्रसंग, क्रमांक आणि चित्रात कोण आहे, एवढे चार रकाने पुरेत. शिक्षकाची बदली होते. शाळा तेथेच राहते. शाळेची चित्रे आणि ही वही जबाबदारीने मुख्याध्यापकांच्या स्वाधीन झाली, तर पुढे येणाऱ्या शिक्षकास, ज्याने तो समारंभ पाहिलेला नाही, त्यालाही ती वाचता येतील.

मग दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी दारी आलेल्या मुलाला शिक्षक बसावयास सांगतो, वही उघडतो, झेंडावंदनाच्या पानावर बोट फिरवतो आणि चौदाव्या क्रमांकापाशी थांबतो. चहा होईपर्यंत चित्र सापडलेले असते. गावाने शाळेवर टाकलेल्या विश्वासाची राखण अशा लहान कामांतूनच होत असते.