शनिवार-रविवारचा युरोप: दोन पासपोर्ट, एक पगार

लोकलमध्ये उभं राहून, बसमध्ये खिडकीशी बसून, नाहीतर भांडी घासता घासता ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. गेले कित्येक महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "ताई, तुम्ही दोघं दर शनिवार-रविवारी कुठेतरी फिरताना दिसता. नोकरी करता की फिरताच? आणि पैसे कुठून येतात?"

तर आज हिशेबासकट सांगते. पण फक्त तिकिटांचा हिशेब सांगून थांबले तर अर्धीच गोष्ट होईल, म्हणून उरलेली अर्धीही सांगणार आहे.

आधी थोडी ओळख. मी सांगलीची, बीटेक, पुण्यात हिंजवडीत चार वर्षं काढली आणि मग म्युनिकला सॉफ्टवेअरची नोकरी लागली. ब्लू कार्डवर आले. नवरा कोल्हापूरचा, मेकॅनिकल इंजिनियर, चाकणला चांगल्या पगारावर होता. तो माझ्यामागून आला, जोडीदार म्हणून. इकडे ब्लू कार्डवाल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला काम करायची पूर्ण मुभा असते. कागदावर काहीच अडत नाही. पण माझ्या टीममध्ये इंग्रजी चालतं आणि कारखान्यात फोरमनशी जर्मनमध्येच बोलावं लागतं. त्यामुळे मी सोमवारी ऑफिसात आणि तो सोमवारी जर्मनच्या क्लासात, ए-वन लेव्हलला. वय वर्षं अठ्ठावीस आणि वहीत "हे माझं घर आहे, ही माझी खुर्ची आहे."

आता आपल्याकडे बायको नवऱ्यामागे परदेशात गेली तर कुणी काही विचारत नाही. उलटं झालं की सगळ्यांना प्रश्न पडतात. "जावई काय करतात सध्या?" हा प्रश्न माझ्या आईच्या प्रत्येक फोनमध्ये असायचा, आणि तो नेमका स्पीकर चालू असतानाच यायचा. तो शेजारी बसून कांदा चिरत असायचा. काही बोलायचा नाही. फक्त कांदा जास्त बारीक व्हायचा.

या पार्श्वभूमीवर आमचं फिरणं सुरू झालं. आता हिशेब.

पहिली गोष्ट तिकिटाची. जर्मनीत मे २०२३ पासून 'डॉइचलँड टिकेट' नावाचा मासिक पास आहे. सुरुवातीला ४९ युरो होता, जानेवारी २०२५ पासून ५८ झाला, जानेवारी २०२६ पासून ६३. त्यात देशभरातल्या सगळ्या लोकल आणि रीजनल गाड्या, मेट्रो, ट्राम, शहरातल्या बस येतात. आयसीई, आयसी, ईसी अशा वेगवान गाड्या येत नाहीत. म्हणजे सोप्या भाषेत, पॅसेंजरचा पास आहे, एक्सप्रेसचा नाही. मला ऑफिसला जायला तो लागतोच, त्याला क्लासला लागतोच. मग शनिवारी तोच पास घेऊन आपण कुठवर जाऊ शकतो, एवढाच प्रश्न उरतो.

आणि उत्तर असं की दुसऱ्या देशातसुद्धा जाता येतं. ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग स्टेशन या पासात बसतं. म्युनिकहून रीजनल गाडीने दोन तासांच्या आतबाहेर. मोत्सार्टचा जन्म १७५६ साली जिथे झाला ते पिवळं घर, वरती डोंगरावर १०७७ साली बांधायला घेतलेला किल्ला, आणि खाली नदी. सकाळी डब्यात मेथीचे पराठे घेऊन निघायचं, रात्री घरी येऊन वरण-भात. जास्तीचा खर्च म्हणजे फक्त कॉफी.

पण एक लक्षात ठेवा. पासपोर्ट आणि इथलं रेसिडेन्स कार्ड, दोन्ही खिशात हवंच. "शेंगेनमध्ये सीमा नसतात" हे आपण ऐकलेलं असतं. पण ऑस्ट्रियाच्या सीमेवर जर्मनीने २०१५ पासून तपासणी पुन्हा सुरू केली, आणि सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच जमिनी सीमांवर. परत येताना पोलीस डब्यात चढतात, कार्ड बघतात, "डांके" म्हणून पुढे जातात. घाबरायचं काही नाही, पण कार्ड घरी राहिलं तर त्या शनिवारची सगळी मजा जाईल.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत वेगळा व्हिसा न काढता फिरता येतं, पण कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच. जर्मनीत राहिलेले दिवस त्यात मोजत नाहीत. फक्त शनिवार-रविवारी फिरणाऱ्याचे नव्वद दिवस काही संपत नाहीत, निश्चिंत राहा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे आणि त्याच दिवशी तिथे युरोही आला. पण ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, तिथे आपल्या पासपोर्टला वेगळा व्हिसा लागतो. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपियन युनियनमध्ये नाही. याचा तुमच्या मोबाईलशी थेट संबंध आहे! २०१७ पासून युनियनमधल्या देशांत रोमिंगचा जास्तीचा चार्ज नसतो, पण स्वित्झर्लंड त्या नियमात येत नाही. आपल्या प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड आहे का ते बघा, नसेल तर बाझलला उतरायच्या आधी डेटा बंद करा आणि नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

तिसरी गोष्ट, स्वस्त विमानं. जाहिरातीत दिसतं तेवढं स्वस्त क्वचितच असतं. 'म्युनिक वेस्ट' असं नाव दिसलं की खूश होऊ नका. तो मेमिंगेनचा विमानतळ आहे, म्युनिकपासून शंभरेक किलोमीटर लांब. तसंच 'पॅरिस बोवे' हा पॅरिसपासून ऐंशीहून जास्त किलोमीटरवर. म्हणजे लोणावळ्याला उतरवून "आलं मुंबई" म्हणण्यातला प्रकार. दोन्हीकडचं बसभाडं आणि बॅगेचे पैसे धरले की बऱ्याचदा आगगाडी बरी पडते. दोन दिवसांच्या सुट्टीतला अर्धा दिवस वाचतो तो वेगळाच.

चौथी गोष्ट, रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. किराणा, कपडे, सगळं. सवय व्हायला वेळ लागतो. आम्ही शनिवारी सकाळी भाजी आणून ठेवतो आणि मगच निघतो. नाहीतर रविवारी रात्री घरी आल्यावर फ्रीजमध्ये अर्धं लिंबू आणि लोणच्याची बरणी.

हे झालं कसं फिरायचं ते. आता का फिरतो ते सांगते.

म्युनिकमध्ये आमच्यात एक अदृश्य उतरंड तयार झाली होती. बँकेचं पत्र आलं की मी वाचणार, कारण खातं माझ्या नावावर. घरमालकाचा फोन मी घेणार. डॉक्टरची अपॉइंटमेंट मी ऑनलाइन काढणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्याला केस कापायला जायचं असलं तरी तो विचारायचा, "कार्ड नेऊ का?" मी म्हणायचे, "अरे, विचारतोस काय!" पण तो विचारायचा थांबला नाही. चार वर्षं स्वतःच्या पगारावर घर चालवलेल्या माणसाला 'नेऊ का' म्हणावं लागतं, याचा त्रास ऐकणाऱ्यापेक्षा म्हणणाऱ्याला जास्त होतो.

शनिवारी गाडी म्युनिक सोडून निघाली की ही उतरंड मोडायची. कारण बोल्झानोमध्ये मला इटालियन येत नाही आणि त्यालाही येत नाही. प्रागमध्ये चेक दोघांनाही येत नाही. दोघंही सारखेच अडाणी! मेनूकार्ड दोघं मिळून वाचायचं, मटण नाही ना याची खात्री हातवारे करून करायची, चुकलो तर दोघंही चुकलो. प्रागला युरो नाही, कोरुना चालतो, तर दोघांनी मिळून भाव लावायचे. आणि हळूहळू लक्षात आलं की या कामात तो माझ्यापेक्षा हुशार आहे. कुठली गाडी कुठे बदलायची, सात मिनिटांत फलाट गाठता येईल का, चुकली तर पुढची कधी, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. चाकणला लाइनचं शेड्यूल लावायचा तो, तेच डोकं इथे चालत होतं.

मग आम्ही एक साधी गोष्ट केली. दर महिन्याच्या एक तारखेला फिरण्याचे १५० युरो त्याच्या खात्यावर जातात. त्याच्या नावाचं खातं, त्याचं कार्ड. पैसे संपले की त्या महिन्यातलं फिरणं संपलं. कुठे जायचं, कसं जायचं, रात्री राहायचं की परत यायचं, निर्णय त्याचा. मी पाहुणी. दोघांकडचे घरी पाठवायचे पैसे आणि माझ्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता त्याआधी बाजूला निघतो. त्यात तडजोड नाही.

१५० युरोत कुठे कुठे जाऊन आलो? एक उदाहरण स्ट्रासबुर्गचं. लोकल गाड्या बदलत बदलत सहा-सात तासांत केल नावाच्या जर्मन गावात पोचलो, आणि तिथून ट्रामने ऱ्हाईन नदी ओलांडून फ्रान्समध्ये. हो, ट्राम! २०१७ पासून ही ट्राम दोन देशांमध्ये धावते. स्ट्रासबुर्ग १८७१ साली जर्मनीकडे गेलं, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आलं, १९४० मध्ये परत जर्मनीकडे, आणि मग पुन्हा फ्रान्सकडे. म्हणजे ऐंशी वर्षांहून कमी काळात चार वेळा. एखाद्या आजीने एकाच घरात राहून किती वेळा देश बदलला असेल बघा. आज तिथे युरोपियन पार्लमेंट आहे आणि लोक पिशवी घेऊन ट्रामने पलीकडच्या देशात किराण्याला जातात. माझ्या नवऱ्याचं आजोळ बेळगावचं. तो पुलावर बराच वेळ गप्प उभा होता. मग म्हणाला, "एवढी युद्धं झाली, तरी शेवटी ट्रामच टाकली ना."

दुसरं उदाहरण बोल्झानोचं, इटलीतलं. म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून जाणाऱ्या गाडीने साधारण चार तास. ही ईसी गाडी, पास चालत नाही, पण लवकर बुक केलं तर स्वस्त तिकीट मिळतं. पहिल्या महायुद्धानंतर हा भाग ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, म्हणून रस्त्यांच्या पाट्या आजही दोन भाषांत. तिथल्या म्युझियममध्ये 'ओत्झी' आहे. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस, बर्फात जसाच्या तसा राहिलेला. एका छोट्या खिडकीतून बघावा लागतो, आत उणे सहा अंश. तो सापडला कुणाला माहितीये? सप्टेंबर १९९१ मध्ये आल्प्समध्ये फिरायला गेलेल्या न्यूरेम्बर्गच्या एका नवरा-बायकोला! वाट सोडून जरा बाजूने उतरले आणि बर्फात माणूस दिसला. मोजणी केली तर तो इटलीच्या हद्दीत शंभर मीटरही आत नव्हता. तेव्हा "काय मिळतं फिरून?" असं पुढच्या वेळी कुणी विचारलं तर हे उत्तर देते मी.

हे विचारणारे खूप आहेत बरं का. स्टेटसला फोटो टाकला की "मजा आहे बुवा तुमची" येतं, आणि त्या 'बुवा'मध्ये बरंच काही असतं. मी आता फोटो टाकायचे जवळजवळ बंद केलेत. पण आईला मात्र एकदा शांतपणे सगळा हिशेब सांगितला, १५० युरोसकट. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे तिकिटं वगैरे सगळं तेच बघतात?" मी म्हटलं, हो. "मग आम्ही आलो की त्यांनाच सांग आमचं लावायला." पुढच्या फोनवर तिने पहिल्यांदा मला नाही, त्याला मागितलं. अर्धा तास बोलले दोघं, गुडघेदुखी असताना किती पायऱ्या चढाव्या लागतील यावर.

आता ताजी बातमी. दोन वर्षांच्या क्लासनंतर, बी-टू पास झाल्यावर आणि मोजून ८३ अर्जांनंतर, माझ्या नवऱ्याला नोकरी लागली आहे. (हसते) टाळ्या वाजवा कुठे असाल तिथे! पण नोकरी आहे श्टुटगार्टजवळ. सोमवार ते शुक्रवार तो तिकडे, मी इकडे. जे घडावं म्हणून दोन वर्षं धडपड केली ते घडलं, आणि घर अर्धं रिकामं झालं. माझी नोकरी म्युनिकला, त्याची तिकडे, आणि दोघांपैकी कुणी सोडायची हा प्रश्न आज आमच्यासमोर आहे. उत्तर अजून नाही. यावेळी "जावई काय करतात" ऐवजी "दोघं वेगळे का राहता" सुरू झालंय, ते होणारच होतं.

सध्यापुरतं आम्ही असं केलंय की शनिवारी मधल्या वाटेवर उल्मला भेटतो. आइनस्टाइन १८७९ साली जन्मला ते गाव. तिथल्या चर्चचा मनोरा १६१ मीटरहून उंच आहे, वर जायला ७६८ पायऱ्या. आणि तो खर्चाचा १५० युरोचा नियम? तो बदलला. आता ७५ माझे, ७५ त्याचे. केस कापायचे असले तर तो मला फक्त फोटो पाठवतो, तेही कापून झाल्यावर.

तर तुमच्यापैकी कुणी जोडीदारामागून परदेशात निघाला असेल, किंवा जोडीदाराला घेऊन येत असेल, तर व्हिसाच्या यादीत एक गोष्ट माझ्याकडून लिहून घ्या. दोघांच्या नावाचं वेगळं खातं पहिल्या महिन्यातच उघडा आणि त्यात रक्कम कितीही छोटी का होईना, विचारल्याशिवाय खर्च करता येईल अशी ठेवा. फिरायला जा किंवा नका जाऊ.

तुमचे अनुभव नक्की पाठवा, विशेषतः मागून आलेल्यांचे. त्यांचं ऐकायला मिळत नाही फारसं. पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या आणि पासपोर्ट जपून ठेवा!