शरीराचे घड्याळ आणि एचआयव्ही

शरीरातील पेशींचे सुमारे २४ तासांचे घड्याळ सूर्यप्रकाशानुसार जुळते. सकाळी कॉर्टिसॉल वाढते, तेव्हा एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या रक्तातील सीडी-४ पेशी कमी दिसतात. रात्री त्या वाढतात. त्यामुळे सीडी-४ तपासणीचे रक्त दर खेपेला शक्यतो एकाच वेळी द्यावे.

भारतात २००४पासून शासकीय केंद्रांत मोफत मिळणाऱ्या एआरटी या एचआयव्हीविरोधी औषधांनी रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका घटतो. काही पेशींत तो दडून राहतोच. पेशीचे घड्याळ चालवणारी क्लॉक आणि बीमाल-१ ही प्रथिने या दडलेल्या विषाणूच्या जनुकांनाही चालना देऊ शकतात. मेलबर्नच्या संशोधकांना उपचार घेणाऱ्या पुरुषांच्या पेशींत विषाणूच्या आरएनएचा असा दैनंदिन चढउतार आढळला. औषध निकामी झाल्याची ही खूण मुळीच नव्हे! दडलेला विषाणू हुडकणाऱ्या चाचण्यांत मात्र नमुन्याची वेळ नोंदवणे अत्यावश्यक ठरते.