काचेच्या टाकीतील गोगलगाय

घरगुती मत्स्यटाकीत हौसेने पाळली जाणारी पिवळसर सफरचंदी गोगलगाय मूळची दक्षिण अमेरिकेतील असून, तिला कल्ला आणि फुप्फुस हे दोन्ही श्वसनावयव असल्यामुळे ती अधूनमधून पृष्ठभागाशी येते, मऊ नळी पाण्याबाहेर काढते आणि हवा ओढून घेते. म्हणून टाकी काठोकाठ न भरता वर चार बोटे जागा सोडावी व झाकण लावावे, कारण हा संथ प्राणी रात्रीतून टाकीबाहेर पडू शकतो.

तिचा शंख मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता दर्शविणारे मान, ७ च्या खाली गेल्यास शंखाच्या टोकाकडील जुना भाग आधी पांढुरका पडतो आणि मग झिजून खड्डे पडतात. अशा वेळी समुद्रफेनाचा, म्हणजे माकुळासारख्या सागरी प्राण्याच्या अंतर्कवचाचा, तुकडा पाण्यात ठेवणे हा स्वस्त उपाय होय.

माशांच्या काही औषधांत तांबे असते आणि ते माशांना सोसले तरी गोगलगायीला मारक ठरते, त्यामुळे बाटलीवरील घटक वाचल्याविना औषध घालणे धोक्याचे असते. केवळ शेवाळावर तिचे भागत नाही; वाफवलेली काकडी किंवा पालक द्यावा, मात्र उरलेले तुकडे त्याच दिवशी काढावेत.

मादी नराचे शुक्राणू साठवून ठेवू शकत असल्याने एकटी आणलेली गोगलगायही पाण्याच्या रेषेवर काचेला गुलाबी अंड्यांचा घोस चिकटवते. पिल्ले नको असल्यास तो खरवडून गोठवावा, पण ही परकी जात ओढ्यात किंवा तळ्यात कधीही सोडू नये.