सूचिचिकित्सेची शास्त्रीय कसोटी
(ग्रामपंचायत सदस्य व प्राथमिक शिक्षक यांच्या आरोग्यविषयक प्रशिक्षणवर्गात दिलेले व्याख्यान)



गेल्या वर्षी एका गावचे सरपंच मजकडे एक छापील पत्रक घेऊन आले. एका संस्थेला त्यांच्या गावी पाच दिवसांचे अ‍ॅक्युपंक्चरचे शिबिर भरवावयाचे होते आणि त्यासाठी शाळेचे सभागृह विनामूल्य मिळावे, अशी विनंती होती. पत्रकात सहा व्याधींची नावे होती : गुडघेदुखी, पाठदुखी, अर्धशिशी, पक्षाघात, वंध्यत्व आणि मधुमेह. खाली मोठ्या टाइपात छापले होते, 'औषधांपासून कायमची मुक्ती'. सरपंचांचा प्रश्न साधा होता. "डॉक्टरसाहेब, हे खरं का खोटं? सही करू का नको?" मला एका शब्दात उत्तर देता आले नाही. आजचे भाषण हे त्याच प्रश्नाचे लांबलेले उत्तर समजावे.

अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे सूचिचिकित्सा. इंजेक्शनची सुई पोकळ असते. ही सुई भरीव व केसासारखी बारीक असते आणि तिच्यातून कोणतेही औषध शरीरात जात नाही. शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते, तिच्या वाटेतील अडथळा सुईने दूर होतो, अशी चीनमधील प्राचीन उपपत्ती आहे. शवविच्छेदनात हे मार्ग कोणास आढळलेले नाहीत. परंतु उपपत्ती टिकली नाही म्हणून उपचार निरर्थक ठरतो असे नव्हे. सिंकोनाच्या सालीने हिवताप उतरतो हे सतराव्या शतकातच युरोपात माहीत झाले होते. हिवतापाचा परजीवी मात्र १८८० साली दिसला. म्हणून प्रश्न 'ची' आहे की नाही हा नसून, रोग्यास गुण येतो की नाही आणि येतो तो सुईमुळेच काय, हा आहे.

या विद्येकडे पाश्चात्त्य जगाचे लक्ष वेधले ते १९७१ साली. जेम्स रेस्टन हे अमेरिकन पत्रकार पेकिंगमध्ये असताना त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करावी लागली. 'सुया टोचून, भूल न देता पोट फाडले' अशी ही कथा पुढे कर्णोपकर्णी झाली. मी स्वतः भूलशास्त्राचा डॉक्टर असल्यामुळे ही कथा मला अनेकदा ऐकावी लागली आहे. वास्तविक रेस्टन यांना भूल नेहमीच्या औषधांनीच देण्यात आली होती. सुया टोचल्या त्या दुसऱ्या रात्री, पोटातील अस्वस्थता कमी व्हावी म्हणून. त्यांनी हे स्वतःच स्वच्छपणे लिहून ठेवले आहे.

आपल्याकडे या चिकित्सेशी डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव जोडले जाते. सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी होत. कोटणीस शल्यचिकित्सक होते व १९४२ साली त्यांचा तेथेच अंत झाला. ही विद्या भारतात आणण्याचे श्रेय त्याच पथकातील डॉ. बसू यांचे, १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ती शिकले आणि कलकत्त्यास परतून त्यांनी तिचा प्रसार केला. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. कायद्याने मान्यता मिळणे आणि प्रत्येक व्याधीवर गुण सिद्ध होणे या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता कसोटीकडे वळू. दुखणे अंगावर काढता काढता असह्य झाले म्हणजे माणूस वैद्याची पायरी चढतो. चढ संपला की उतार येतोच. त्या वेळी जो उपचार चालू असेल त्याला यश मिळते. यासाठी रोग्यांचे गट पाडावे लागतात, आणि कोणी कोणत्या गटात जावयाचे हे डॉक्टरने वा रोग्याने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते. औषधाच्या बाबतीत एका गटास औषधाची व दुसऱ्यास तशीच दिसणारी पोकळ गोळी देता येते. पोकळ सुई कशी द्यावयाची? १९९८ साली जर्मन संशोधकांनी यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. नाटकातील खंजिराप्रमाणे तिचे बोथट टोक कातडीला टेकताच पाते मुठीत शिरते. रोग्याला टोचल्यासारखे वाटते, पण सुई आत जात नाही. दुसरा मार्ग म्हणजे खरीच सुई, परंतु भलत्या जागी आणि अगदी वरवर टोचणे. या दोहोंना आपण 'लटकी सुई' म्हणू.

सर्वांत मोठ्या चाचण्या जर्मनीत झाल्या, आणि त्यांमागील कारण आपणांस जवळचे वाटेल. तेथे आजारपणाचा खर्च विमानिधीतून, म्हणजे लोकांच्या वर्गणीतून होतो. सुयांसाठी या पैशाला हात लावावा काय, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा, आधी चाचण्या, मग निर्णय, असे ठरले. जुनाट कंबरदुखीच्या चाचणीत १,१६२ रोगी होते. तिचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर ठरलेल्या मापाने सुधारणा झालेल्यांचे प्रमाण असे होते : खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के, लटक्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के आणि औषधे, व्यायाम इत्यादी नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.४ टक्के.

हे आकडे मी मुद्दाम सावकाश सांगत आहे. सुया टोचून घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारापेक्षा पुष्कळच अधिक आराम पडला. पण नेमक्या बिंदूवर खोल टोचलेली सुई आणि भलत्या जागी वरवर टोचलेली सुई यांत भेद करण्यासारखे अंतर आढळले नाही. गुडघेदुखीच्या चाचणीतही हेच चित्र दिसले. अर्धशिशीच्या चाचणीत सुयांचे यश नेहमीच्या औषधांच्या बरोबरीचे ठरले, सरस नव्हे. २००६ साली तेथील समितीने कंबर व गुडघा यांच्या जुनाट दुखण्यासाठी सुयांचा खर्च मंजूर केला, डोकेदुखी व अर्धशिशीसाठी नाही. इंग्लंडमध्ये कंबरदुखीसाठी २००९ साली केलेली शिफारस २०१६ साली मागे घेण्यात आली. पुरावा बराचसा तोच होता, पण विचारलेला प्रश्न निराळा होता. जर्मनांनी मुख्यतः पाहिले ते नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक आराम पडतो काय. इंग्रजांनी पाहिले ते लटक्या सुईपेक्षा पडतो काय.

पुढे २०१८ साली ३९ चाचण्यांतील २०,८२७ रोग्यांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. खरी सुई लटकीहून किंचित सरस ठरली. हा फरक योगायोगाचा म्हणता येणार नाही, पण तो लहान आहे. कित्येक टीकाकारांना तोदेखील मान्य नाही. माझे स्वतःचे मत असे की, जुनाट वेदनेत मिळणाऱ्या आरामाचा मोठा वाटा सुईच्या टोकात नसून तिच्याभोवती जे घडते त्यात आहे. कोणी अर्धा तास शेजारी बसते, दुखऱ्या जागी हात लावते, विचारपूस करते.

हे केवळ अनुमान नव्हे. अमेरिकेत आतड्याच्या एका चिवट विकाराच्या २६२ रोग्यांवर केलेली चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. एका गटास नुसते थांबवून ठेवले. दुसऱ्यास लटक्या सुया दिल्या, परंतु बोलणे बेताचेच ठेवले. तिसऱ्यास त्याच लटक्या सुया दिल्या, मात्र पहिल्या भेटीत पाऊण तास आपुलकीने त्यांचे ऐकून घेतले. तीन आठवड्यांनंतर पुरेसा आराम पडल्याचे सांगणारे अनुक्रमे २८, ४४ व ६२ टक्के होते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील बाह्यरुग्ण विभागात एका रोग्याच्या वाट्याला किती मिनिटे येतात, हे आपण जाणताच.

माझ्या क्षेत्रातीलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मनगटाच्या आतील बाजूस, घडीपासून सुमारे तीन बोटे वर, दोन स्नायुबंधांच्या मध्ये एक बिंदू आहे. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व वांती यांवर तेथे सुई टोचल्याने किंवा नुसते दाबल्यानेही उपयोग होतो, असे अनेक चाचण्यांत लटक्या उपचाराशी तुलना करून दिसले आहे. मी प्रथम हसलो होतो. आता हसत नाही.

परंतु पत्रकातील उरलेल्या तीन नावांविषयी बोलताना मला हा सौम्य सूर ठेवता येत नाही. वंध्यत्वाबाबत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये, प्रयोगशाळेत गर्भधारणेचे उपचार घेणाऱ्या ८४८ स्त्रियांवर चाचणी झाली. २०१८ च्या अहवालानुसार जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण खऱ्या सुयांनी १८.३ टक्के व लटक्यांनी १७.८ टक्के होते. अंडाशयातील गाठींच्या विकाराच्या १,००० स्त्रियांवर खुद्द चीनमध्ये झालेल्या चाचणीतही, सुयांमुळे जन्म वाढल्याचे दिसले नाही, असे २०१७ साली चिनी संशोधकांनीच प्रसिद्ध केले. पक्षाघातात मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे झालेल्या माणसाला त्या वेळी जिल्हा रुग्णालयाऐवजी शिबिरात नेणे म्हणजे त्याचा हातपाय गमावणे होय. आणि ज्या मुलाचे शरीर इन्सुलिन तयारच करीत नाही, त्याचे इन्सुलिन 'औषधांपासून मुक्ती' म्हणून थांबविले, तर काही दिवसांतच ते मूल दगावू शकते. सुईने ही माणसे मरत नाहीत. सुईच्या भरवशावर सोडून दिलेल्या उपचाराने मरतात.

सुई स्वतः बव्हंशी निरुपद्रवी आहे. जर्मनीत २,२९,२३० रोग्यांच्या पाहणीत ८.६ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, बहुतेकांना किरकोळ रक्तस्राव वा काळेनिळे डाग. फुप्फुसाला इजा होऊन छातीत हवा शिरण्याचे दोन प्रकार घडले. मात्र तेथे सुया टोचणारे प्रशिक्षित डॉक्टर होते. एकाची सुई दुसऱ्यास वापरल्यास 'ब' प्रकारच्या काविळीचा प्रसार होतो, आणि हे जगात अनेक ठिकाणी घडलेले आहे. वापरलेल्या सुया न भोसकणाऱ्या बंद डब्यातच जमा झाल्या पाहिजेत. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आरोग्य शिबिरांनाही लागू आहेत, हे फार थोड्या ग्रामपंचायतींना ठाऊक असते.

सरपंचांशी दोन बैठका झाल्या. संस्थेने मधुमेह व वंध्यत्व ही नावे आणि ती तळाची ओळ गाळण्याचे मान्य केले. पक्षाघाताचे नाव काढण्यास ती तयार नव्हती. अखेर 'रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर, तेथील औषधे व व्यायाम चालू ठेवून' असे शब्द घालण्याचे ठरले. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि प्रत्येकास नवी, बंद पाकिटातील सुई या अटी मी सुचविल्या होत्या. सही करण्यापूर्वी सरपंच थबकले आणि त्यांनी विचारले, "शिबिर उठल्यावर पोरं त्याच वर्गात बसणार. वापरलेल्या सुया कोण मोजून घेणार?" हे माझ्या ध्यानात आले नव्हते. अर्जाच्या समासात त्यांनी स्वतःच्या हाताने पाचवी अट लिहिली : दररोज सायंकाळी दिलेल्या व परत आलेल्या सुयांची संख्या मुख्याध्यापकांच्या नोंदवहीत लिहावी, व दोन्ही आकडे जुळल्यावाचून दुसऱ्या दिवशी सभागृहाची किल्ली देऊ नये.