अंगठी बोटात फिरते तेव्हा

साखरपुड्याची अंगठी पहिल्याच फटक्यात नेमक्या मापाची निघाली, असं घर विरळाच. कारण उघड आहे. ज्या बोटात ती जायची, ते बोट खरेदीच्या वेळी बहुधा हजरच नसतं. मंडळी अंदाजाने घेतात, नाहीतर दोऱ्याचं माप पाकिटात घालून नेतात. त्यातच दुकानात कुणीतरी काकू म्हणतातच, "थोडी मोठीच घ्या हो, पुढे अंगाने भरेल ती." समारंभात फोटो झकास येतात, आणि चार दिवसांनी भांडी घासताना अंगठी साबणाच्या फेसातून निसटू पाहते.

तरी लगेच सराफकट्टा गाठू नका. बोट दिवसभर एकाच मापाचं राहत नाही. थंडीत आणि गार पाण्यात ते आकसतं, उकाड्यात किंवा खारट जेवणानंतर जरा सुजतं. शकुंतलेची अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात गळाली, तीही मुळात राजाच्या बोटातली. दुर्वासांच्या शापाने दुष्यंताची आठवण गेली हे खरं, पण अंगठी गळायला शापाची गरज नव्हती, ओला हात पुरे होता.

म्हणून माप द्यायचं ते वेगवेगळ्या वेळी घेऊन, आणि ज्या बोटात घालायची त्याच बोटाचं. उजव्या-डाव्या हातातही फरक असतो. अंगठी पेरावरून जाताना किंचित अडावी आणि काढताना थोडी फिरवावी लागावी, म्हणजे माप बरोबर. आपल्याकडे एक नंबर म्हणजे आतल्या घेरात साधारण १ मिलिमीटर. १२ नंबरचा घेर ५२ मिलिमीटरच्या आसपास, १४ चा ५४.

तोवर आजीचा उपाय आहेच. अंगठीच्या तळव्याकडच्या बाजूला रेशमी दोरा जवळजवळ गुंडाळायचा. मात्र तो ओला राहिला तर कातडी पांढरी पडते आणि खाज सुटते, तेव्हा बदलत राहावा. हल्ली प्लॅस्टिकची पारदर्शक गुंडाळी मिळते. दिसायला बरी, पण तीही तात्पुरतीच.

कायमचं काम सोनाराचं. साखरपुड्याची अंगठी कापायची म्हटलं की घरातले वडीलधारे कचरतात. मला त्यात अशुभ काही दिसत नाही. हरवल्यावर जे ऐकून घ्यावं लागतं, ते त्याहून अशुभ. शिवाय चांगल्या कारागिराचा सांधा सापडत नाही. तो बारीक करवतीने खालच्या बाजूचा तुकडा काढतो. दोन नंबर कमी करायचे तर साधारण २ मिलिमीटरचा. मग दोन्ही टोकं इतकी जुळवतो, की उजेडात धरली तरी फट दिसू नये. त्यावर टांकणखार लावून झाळण्याच्या सोन्याचा कण ठेवतो. तांबं-चांदी जास्त असल्यामुळे तो कण अंगठीच्या आधी वितळतो. ज्योत लागली की कण क्षणभर थरथरतो आणि फटीत धावत जातो. मग काळपटपणा घालवायला तेजाबात बुडवणं, कानस, पॉलिश. पूर्वी या कणात कॅडमियम असायचं, त्यावरून केडीएम हे नाव पडलं. त्याचा धूर कारागिरांच्या फुप्फुसांना घातक, म्हणून ते मागे पडलं.

ही आच सगळ्या खड्यांना सोसत नाही. मोती, पोवळं, पाचू काढूनच ठेवावे लागतात. घेर लहान केला की वरच्या बाजूवर ताण येतो, त्यामुळे हिरा धरून ठेवणाऱ्या पकडी नंतर तपासून घ्या. अंगठीभर खडे जडवलेले असतील तर कापायला जागाच नसते. अशा वेळी, किंवा पेर जाड आणि बोट बारीक असेल तर, आतल्या बाजूला सोन्याचे दोन बारीक मणी झाळून घेतात. त्याने अंगठी फिरायची थांबते.

करवत लावण्याआधी आतली हॉलमार्कची खूण आणि सहा अक्षरं-आकड्यांचा क्रमांक कुठे आहे, ते सोनाराला दाखवा. काट त्यावरून जाता कामा नये. आधीचं आणि नंतरचं वजन तुमच्यासमोर होऊ द्या. निघालेला तुकडा जेमतेम गुंजभर भरेल, तरी संकोच न करता मागून घ्या. पुढेमागे मोडीत घालता येतो.