श्वासाचे दान : लहान छाती आणि फुफ्फुसाचा खंड



अवयवदानात रक्तगट जुळावा लागतो, हे सर्वांस ठाऊक आहे. फुफ्फुसाच्या बाबतीत मापही जुळावे लागते. छातीचा पिंजरा फासळ्यांनी बांधलेला असतो. तो ताणून मोठा करता येत नाही. मोठे फुफ्फुस लहान छातीत बसविले, तर ते पुरते फुलत नाही आणि छाती बंद करताना हृदयावर दाब येतो. म्हणूनच बालके, कमी उंचीच्या स्त्रिया आणि आजाराने ज्यांचे फुफ्फुस आकसले आहे असे रुग्ण यांना योग्य दात्याची दीर्घ प्रतीक्षा करावी लागते. कित्येकांचे आयुष्य त्या प्रतीक्षेतच संपते.

या अडचणीतून मार्ग फुफ्फुसाच्या रचनेनेच दाखविला. उजव्या फुफ्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन असे एकूण पाच खंड असतात. प्रत्येक खंडाला स्वतःची श्वासनलिका व रक्तवाहिन्या असतात. त्यामुळे मृत दात्याचे मोठे फुफ्फुस विभागून त्याचा योग्य खंड लहान छातीत बसविता येतो. जिवंत आप्तही एक खंड देऊ शकतो.

१९९० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे डॉ. व्हॉन स्टार्न्स यांनी आईच्या फुफ्फुसाचा एक खंड तिच्या बारा वर्षांच्या कन्येला बसविला. पुढे १९९३ मध्ये लॉस एंजेलिस येथे आई व वडील या दोघांचा एकेक खंड देऊन रुग्णाची दोन्ही फुफ्फुसे बदलण्यात आली. जपानमध्ये ओकायामा येथे १९९८ साली डॉ. हिरोशी दाते यांनी आई व बहीण यांच्या खंडांनी एका तरुणीला जीवदान दिले. २०२१ मध्ये क्योटो येथे कोविडने फुफ्फुसे निकामी झालेल्या एका स्त्रीला पती व पुत्राने खंड दिले.

यामागील गणित सोपे आहे. दोन्ही फुफ्फुसांचे मिळून १९ उपखंड मानले, तर उजव्या खालच्या खंडात ५ आणि डाव्या खालच्या खंडात ४ येतात. रुग्णाचा श्वास या ९ उपखंडांवर चालतो. भरदार देहाला ते अपुरे पडू शकतात. लहान छातीला मात्र पुरतात. जी छाती अडचण ठरत होती, तीच येथे सोय ठरते.

तथापि या दानाचे मोल फार मोठे आहे. यकृत पुन्हा वाढते. दिलेला फुफ्फुसखंड मात्र परत वाढत नाही. एका रुग्णासाठी सामान्यतः दोन निरोगी माणसांना शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. म्हणून त्यांची संमती भीडेपोटी वा दडपणाखाली घेतलेली नसावी, हे पाहणे वैद्यांचे कर्तव्य ठरते.

जपानमध्ये ही पद्धत रुजली, त्याचे एक कारण मृत दात्यांची उणीव हे होते. तेथे मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानाचा कायदा १९९७ मध्ये आला, पण पंधरा वर्षांखालील मुलांचे असे दान २०१० पर्यंत शक्य नव्हते. भारतात १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानास मान्यता दिली आहे. दुःखाच्या त्या क्षणी निर्णय कुटुंबीयांना घ्यावा लागतो. म्हणून आपली इच्छा प्रत्येकाने घरच्या माणसांना आधीच स्पष्ट सांगून ठेवावी. मृत्यूनंतर दिलेले एक फुफ्फुस विभागून लहान छातीत बसू शकते, आणि त्या घरातील दोन निरोगी माणसे शस्त्रक्रियेच्या धोक्यातून वाचतात.