सामन्याची गर्दी आणि पथकराचा नाका

कासारवाडीहून मुंबईच्या दिशेनें निघालें, कीं देहूरोडाजवळ गहुंज्याचें क्रिकेटचें मैदान लागतें. २०१२ सालीं खुल्या झालेल्या या मैदानांत सुमारें ३७ हजार प्रेक्षक बसतात. २०२३ च्या विश्वचषकाचे पांच सामने येथेंच झाले. कासारवाडीकरांना वाटेंत पथकराचा नाका लागत नाहीं. द्रुतगती मार्गानें येणाऱ्या त्यांच्या मुंबईच्या पाहुण्यांना मात्र खालापूर व उर्से येथें थांबावें लागतें.

नाक्याचें गणित साधें आहे. एका गाडीस पंधरा सेकंद लागले, तर एका मार्गिकेंतून तासास २४० गाड्या सुटतात. पांच सेकंद लागले, तर ७२०. याहून अधिक गाड्या आल्या, कीं रांग वाढलीच. १ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला, तो हे सेकंद वांचविण्यासाठींच. तरीहि ज्याच्या खात्यांत शिल्लक नाहीं, असा एकच गृहस्थ मागच्या साऱ्यांना खोळंबवितो; त्यांत एखादा रुग्णहि असूं शकतो.

यंत्र एकेका गाडीचा वेळ कमी करील. परंतु सर्वांनीं एकाच घटकेस येऊं नये, हें यंत्राच्या हातीं नाहीं. शिल्लक घरींच पाहावी आणि दोन तास आधीं निघावें, एवढें पाहुण्यांना आवर्जून कळवावें.